बंदिवानाचें खातें : येरवड्याच्या तुरुंगांतील उद्योग व अक्षरशिक्षण

१. जुन्या सरकारी कागदांचा संग्रह करणाऱ्यांच्या दृष्टीस एक ओळ वारंवार पडते; परंतु ती वाचण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाहीं. छापील नमुन्याच्या किंवा अहवालाच्या पायथ्याशीं, बारीक इंग्रजी ठशांत, ‘येरवडा प्रिझन प्रेस, पूना’ असें मुद्रणस्थळ दिलेलें असतें. बांधणीच्या वेळीं कडा छाटतांना बहुधा हीच ओळ कापली जाते, आणि आपण कांहीं गमावलें असें मालकास वाटतही नाहीं. वस्तुतः त्या ओळीचा अर्थ असा कीं, हा कागद छापण्याच्या कामीं सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या मनुष्यांचे हात लागलेले आहेत.

प्रस्तुत लेखांत पुण्यांतील, व प्रसंगानें महाराष्ट्रांतील, बंदिवानांस उद्योग व अक्षरें शिकविण्याच्या व्यवस्थेचा पूर्वापार क्रम मांडावयाचा आहे. हा विषय दयाधर्माचा किंवा कायद्याचा समजून संशोधकांनीं बाजूस ठेवावा अशी वहिवाट आहे. आमच्या मतें तो प्रथमतः दप्तराचा विषय आहे. बंदिवानाची खरी स्थिति काय होती हें, त्याच्याविषयीं कोणी काय म्हटलें यापेक्षां, जमाखर्चाच्या कोणत्या रकान्यांत तो पडे यावरून अधिक निश्चितपणें कळतें. हा रकाना दोनदां बदलला. आधीं तो खर्चाचा होता. पुढें जमेचा झाला. आणि फार उशिरां बंदिवानाच्या स्वतःच्या खात्याचा होऊं लागला.

२. प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘तुरुंग’ हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला. त्याचें मूळ ‘त्रोंकु’ हें असून त्याचा अर्थ झाडाचें खोड, आणि त्यावरून अपराध्याचे पाय अडकविण्याचें लांकूड असा होतो. आपल्याकडील ‘खोडा’ हा शब्दही ‘खोड’ या शब्दाशींच नातें सांगतो, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. याच्या उलट ‘अदबखाना’ हा फारशी वळणाचा शब्द. ‘अदब’ म्हणजे शिस्त, शिष्टाचार, चांगलें वळण. तेव्हां अदबखाना म्हणजे वळण लावण्याचें घर. एका शब्दांत मनुष्यास जखडण्याची कल्पना आहे, दुसऱ्यांत त्यास सुधारण्याची. पुढील सर्व इतिहास या दोन शब्दांतील ओढाताणीचा आहे असें म्हटलें तरी चालेल.

पेशवाईंत अदबखान्याचें नांव असलें तरी वळण लावण्याची तजवीज नव्हती. मातबर कैदी किल्ल्यांवर ठेवीत. त्यांच्यासंबंधीं कागदांत जें सांपडतें तें शिध्याचें, पहाऱ्याच्या लोकांचें, बेड्यांचें. म्हणजे सरकारास पडणाऱ्या खर्चाचें. कांहीं कैद्यांकडून किल्ल्यावरील बांधकामाचीं कामें घेत. पण त्यांत कसब शिकविण्याचा हेतु नसे. सरकारचे अठरा कारखाने होते. तुरुंग हा त्यांपैकीं एक कधींच नव्हता.

३. इंग्रजी अमलांत कैद्यास कामास लावण्याची पद्धति नियमबद्ध झाली. परंतु शिक्षणाची नव्हे. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या तुरुंगशिस्त कमिटीनें सन १८३८ मध्यें जो अहवाल दिला, त्याचा रोख उघड होता. बंदिवानास लिहावाचावयास शिकवावें, चांगल्या वर्तनाबद्दल बक्षीस द्यावें, अंगीं कसब आणावें, या गोष्टी कमिटीनें नापसंत केल्या. काम असावें तें कष्टाचें, कंटाळवाणें व एकसुरी. त्यांत मन रमतां कामा नये, असें तिचें मत. चक्की पिसणें व काथ्या कुटणें हीं कामें तुरुंगाशीं कायमचीं जोडलीं गेलीं तीं या विचारसरणीमुळें. पुढें सन १८६० च्या दंडसंहितेंत साधी कैद व कष्टाची कैद असा भेद झाला आणि ‘सक्तमजुरी’ हा शब्द मराठींत रूढ झाला. ‘मजुरी’ या शब्दाचा रोजच्या बोलींतील अर्थ कामाचा मोबदला. येथें मात्र मोबदल्यावांचून काम या उलट अर्थी तो वापरला गेला.

याच सुमारास अगदीं निराळा एक प्रयोग जबलपुरास चालू होता, आणि जबलपूर हें सन १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालीं असल्यामुळें त्याचा उल्लेख येथें अस्थानीं होणार नाहीं. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन यानें सन १८३७ च्या सुमारास तेथें उद्योगशाळा काढली. माफीचे साक्षीदार झालेले ठग व त्यांचे मुलगे यांस तेथें तंबूचें कापड व गालिचे करावयास शिकवीत. ज्या हातांनीं रुमालाचा फास आवळला ते हात मागावर चालूं शकतात, एवढी गोष्ट त्या शाळेनें दाखविली. कमिटीचा अहवाल व जबलपूरची शाळा एकाच दशकांतील. राज्यकर्त्यांच्या मनांतही खोडा व अदब या दोन कल्पना शेजारीं शेजारीं नांदत होत्या, असें यावरून दिसतें.

सन १८९४ च्या तुरुंगांच्या कायद्यांत मजुरीस मर्यादा घातली गेली. तातडीचा प्रसंग वगळतां कैद्याकडून दिवसांत नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, असें त्यांत म्हटलें होतें. याच कायद्यांतील एक कलम आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. दिवाणी कैद्यानें, म्हणजे देण्यापायीं अडकलेल्या मनुष्यानें, स्वतःचीं हत्यारें आणून व स्वतःच्या खर्चानें राहून धंदा केला, तर त्याची सर्व कमाई त्यास मिळावी, असें तें कलम सांगतें. फौजदारी कैद्यास असा हक्क नव्हता. एकाच भिंतीआड, एकच काम करणाऱ्या दोघांपैकीं एकाची कमाई त्याची व दुसऱ्याची सरकारची!

४. येरवड्याचें मध्यवर्ती कारागृह सन १८७१ च्या सुमारास उभें राहिलें. त्याची प्रसिद्धि पुढें राजकीय कैद्यांमुळें झाली. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलावस्तूंच्या व्यापाऱ्यांस तें ठाऊक होतें तें गालिच्यांमुळें. विजापूरच्या आसार महालांत आदिलशाही काळापासूनचे जुने गालिचे होते. त्यांच्या नक्षीवरून येरवड्याच्या मागांवर गालिचे विणले गेले. ट्विग यानें मुंबई इलाख्यांतील गालिच्यांच्या कलेवर सन १९०७ मध्यें स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्या कलेचा विचार करतांना तुरुंगांतील माग वगळतां येणें शक्य नव्हतें, इतकें त्या धंद्याचें तुरुंगाशीं सख्य जमलें होतें. आग्र्याच्या तुरुंगांत विणलेला एक प्रचंड गालिचा तर व्हिक्टोरिया राणीच्या विंडसर येथील राजवाड्यांत, वॉटर्लूच्या दालनांत जाऊन पडला.

तुरुंगांत गालिचाच कां, याचें उत्तर त्याच्या कृतींत आहे. माग उभा असतो. ताणा सुताचा, त्यावर लोंकरीच्या धाग्याची एकेक गांठ हातानें घालावयाची, गांठींची ओळ पुरी झाली कीं बाणा घालून तो पंज्यानें ठोकून बसवावयाचा, आणि अखेरीस कात्रीनें लव सारखी करावयाची. मोठ्या गालिच्यापुढें अनेक विणकर एका फळीवर ओळीनें बसतात, आणि काम महिनोगणती चालतें. बाहेरच्या कारागिरास इतका वेळ अडकून पडणें परवडत नाहीं. तुरुंगास वेळेची वाण नसते. लांब शिक्षा व लांब गालिचा यांचें गणित जुळलें तें असें.

नक्षीचा कागद चौकटींचा असतो. एक चौकट म्हणजे एक गांठ. ज्यास अक्षर ओळखतां येत नाहीं तो मनुष्यही कांहीं दिवसांत हा कागद वाचूं लागतो. निरक्षर कैद्याचें हें एक प्रकारें पहिलें वाचनच होय. मात्र तें वाचन त्यास विजापूरच्या वेलबुट्टीपर्यंत नेऊन सोडी, स्वतःच्या नांवापर्यंत नेत नसे.

या उद्योगावर त्या काळींही आक्षेप घेतले गेले. भारतीय कलाकौशल्यावर सन १८८० मध्यें ग्रंथ लिहिणारा जॉर्ज बर्डवुड यानें तुरुंगांतील स्वस्त मालामुळें स्वतंत्र विणकरांचा धंदा व गालिच्याची कला हीं दोन्ही बिघडत आहेत, अशी कडक तक्रार केली. त्याची तक्रार कलेच्या बाजूनें होती. कैद्याच्या बाजूनें आणखी एक करावयास हवी होती. सुटून आलेल्या विणकरानें पुण्यांत काय करावें? पुण्याचे परंपरागत धंदे तांब्यापितळेचे व जरीकिनारीचे, गालिच्यांचे नव्हेत. उभा माग, लोंकर व रंग यांस लागणारें भांडवल त्याच्यापाशीं कोठून असणार? येरवड्यास त्यास कसब मिळालें खरें. पण तें वेशीबाहेर नेतां येणारें नव्हतें. गालिचा विकला गेला कीं रक्कम जमेस पडे, आणि विणणारा जसा आला तसा रिक्त हस्तें जाई. खर्चाच्या रकान्यांतील बंदिवान जमेच्या रकान्यांत आला, एवढाच काय तो फरक.

५. छापखान्याची गोष्ट याहून थोडी निराळी आहे, आणि म्हणूनच आम्हीं लेखाच्या आरंभीं त्या ओळीस मान दिला. गालिचा निरक्षरास विणतां येतो. खिळे मात्र निरक्षरास जुळवितां येत नाहींत. खिळेजुळाऱ्यास अक्षर ओळखावें लागतें, तेंही उलटें. जोडाक्षराचे तुकडे कोणत्या घरांत आहेत हें पाठ असावें लागतें. मूळ लेख वाचून ओळ भरावी लागते. येथें उद्योग व अक्षरशिक्षण हीं दोन राहिलीं नाहींत, एकच झालीं. शिवाय हा धंदा वेशीबाहेर चालणारा होता. पुण्यासारख्या शहरांत, जेथें पेठोपेठीं छापखाने, तेथें ज्याच्या हातास खिळे जुळविण्याची संवय आहे त्यास काम मागावयास जातां येई. तुरुंगांतील उद्योग शिकविण्यासारखा आहे कीं नाहीं याची कसोटी आमच्या मतें हीच : तो सुटकेच्या दिवशीं मनुष्याबरोबर दरवाजाबाहेर पडतो किंवा नाहीं.

सरकारी धोरणांत हा विचार सन १९१९–२० च्या भारतीय तुरुंग कमिटीनें स्पष्टपणें मांडला. कार्ड्यू हे तिचे अध्यक्ष. बंदिवानास सुधारून समाजांत परत आणणें हा तुरुंगाचा एक हेतु होय, असें या कमिटीनें म्हटलें. सन १८३८ चा अहवाल व हा अहवाल शेजारीं ठेवून वाचावे. मधल्या ब्यायशीं वर्षांतील विचाराचें अंतर दुसऱ्या कोणत्याही साधनांपेक्षां त्यांवरून अधिक चटकन कळेल.

६. अक्षरशिक्षणाच्या बाबतींत सरकारी शाळेपूर्वींच एका निराळ्या वर्गानें काम आरंभिलें होतें. तो वर्ग म्हणजे स्वतः कैदी असलेले विद्वान. टिळक व आगरकर यांस सन १८८२ मध्यें कोल्हापूर प्रकरणीं शिक्षा झाली, तेव्हां आगरकरांनीं ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशें एक दिवस’ हें पुस्तक लिहिलें. मराठींत तुरुंगाचें आंतून केलेलें वर्णन म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. सावरकरांनीं ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथांत अंदमानांतील कोलू व काथ्या यांच्या हकीकतीबरोबरच, कैद्यांस लिहावयावाचावयास शिकविण्याचा व तेथें पुस्तकालय उभारण्याचा उद्योग कसा केला, तेंही सांगितलें आहे. धुळ्याच्या तुरुंगांत सन १९३२ मध्यें विनोबांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं; त्यांचा ग्रंथ झाला.

येरवड्यापुरतें बोलावयाचें तर दोन वस्तूंचा निर्देश अवश्य आहे. गांधीजींस मार्च १९२२ मध्यें सहा वर्षांची शिक्षा होऊन येरवड्यास आणलें. त्या मुक्कामांत त्यांनीं गुजरातींत एक लहानशी बाळपोथी लिहिली. आई मुलास शिकवीत आहे अशा रीतीनें ती रचिलेली आहे. ती छापून निघण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. दुसरी वस्तु ‘यरवडा चक्र’, म्हणजे पेटींत मिटून नेतां येणारा चरखा. पुढील कारावासांत सूत काततांना त्यास हें रूप आलें व नांव तुरुंगाचें मिळालें. आमच्या विषयाचीं दोन्ही अंगें, अक्षर व उद्योग, येथें दोन लहान वस्तूंच्या रूपानें समोर येतात. आणि दोन्ही वेशीबाहेर गेल्या. सामान्य कैद्याच्या बाबतींत हें कितपत घडलें, असें विचारणें मात्र भाग आहे. विद्वान मनुष्य तुरुंगांत ग्रंथ लिहितो तेव्हां तो आपल्याबरोबर अक्षर घेऊन गेलेला असतो. ज्यास तें तेथेंच मिळवावयाचें आहे, त्याची हकीकत लिहिणारा कोणी नसतो.

७. सामान्य कैद्यावर भिस्त टाकून केलेला सर्वांत धाडसी प्रयोग इंग्रजी मुलखांत झाला नाहीं. तो औंध संस्थानांत झाला. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें नांव संशोधकांस निराळ्या कारणानें पूज्य आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांचा आधार होता, आणि औंधचें वस्तुसंग्रहालय त्यांच्या रसिकतेची साक्ष देत उभें आहे. याच अधिपतीनें सन १९३९ मध्यें राज्यकारभार प्रजेच्या स्वाधीन केला, आणि त्याच वर्षीं आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नांवाची कैद्यांची वसाहत वसविली. भारतानंद हें नांव घेतलेले पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ही कल्पना. भिंत नाहीं, बेडी नाहीं. जमीन कसावी, पीक काढावें, आणि बायकामुलांसह राहावें.

येथें शिकविलेला उद्योग शेतीचा. माणदेशांतील मनुष्यास तो परका नव्हता. दुष्काळी मुलखांत विहीर व बांध यांच्या जोरावर तो कसा साधावा, एवढेंच शिकावयाचें होतें. येरवड्याच्या गालिच्यास जी उणीव होती ती येथें नव्हती : शिकलेलें काम व बाहेरचें जगणें एकच. या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनीं सन १९५७ मध्यें ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर हे त्याच माणदेशचे. संस्थान विलीन झाल्यावर वसाहत मोडली नाहीं. ती राज्याच्या कारागृह विभागाकडे आली. महाराष्ट्रांत पुढें खुलीं कारागृहें निघालीं; येरवड्यासही एक आहे.

८. तिसरा रकाना, म्हणजे बंदिवानाचें स्वतःचें खातें, उघडण्यास याहूनही उशीर लागला. कैद्यांस कामाबद्दल थोडी मजुरी देण्याचा प्रघात पडला होता. पण ती हक्काची कीं मेहेरबानीची हा वाद राहिला. सर्वोच्च न्यायालयानें गुजरातच्या एका प्रकरणांत सन १९९८ मध्यें निकाल दिला कीं, सक्तमजुरीच्या कैद्यासही न्याय्य मोबदला मिळालाच पाहिजे. त्यांतील कांहीं भाग ज्याचा अपराध घडला त्याच्या कुटुंबाकडे जावा, अशीही दिशा न्यायालयानें दाखविली. एकशें अडतीस वर्षांनंतर ‘सक्तमजुरी’ या शब्दांतील मजुरीस तिचा मूळ अर्थ परत मिळाला.

येरवड्यास आज सुतारकाम, कापड, शिवण, चामड्याचें काम, बेकरी इत्यादि उद्योग चालतात, आणि कैद्यांनीं केलेला माल नागरिकांस विकत मिळतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ व इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचीं अभ्यासकेंद्रें आंत आहेत. अक्षरओळखीपासून पदवीपर्यंतचा मार्ग त्यायोगें भिंतीआड पोहोंचला. सन २०२२ च्या १ मे रोजीं महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनें येरवड्यास ‘जिव्हाळा’ या नांवाची कर्जयोजना सुरू केली. तींत कैद्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज, सालीना सात टक्के व्याजानें, त्याच्या तुरुंगांतील कमाईच्या भरंवशावर मिळूं लागलें. घरची फी, औषध, वकिलाचा खर्च, असल्या कारणांसाठीं हें कर्ज आहे. ज्याच्या नांवें पूर्वीं केवळ शिध्याचा खर्च पडे, त्याची पत बँकेच्या वहींत चढावी, ही गोष्ट दप्तराच्या अभ्यासकास लहान वाटूं नये.

तथापि चित्र पुरतें समाधानाचें नाहीं. सन २०२२ च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत असलेल्या लोकांपैकीं चारांतील तीन अद्याप निकाल न लागलेले, म्हणजे कच्चे कैदी होते. त्यांस मजुरीची सक्ति करतां येत नाहीं हें न्याय्यच; परंतु उद्योगाची व शिक्षणाची बहुतेक सर्व व्यवस्था शिक्षा झालेल्यांसाठीं आंखलेली. परिणामीं, ज्याचा अपराध सिद्ध झालेला नाहीं तोच पुष्कळदां कामावांचून व पुस्तकावांचून वर्षें काढतो. सन १८३८ च्या कमिटीस जें साधावयाचें होतें तें, कोणाच्या मनांत नसतां, या मार्गानें घडत आहे.

९. शेवटीं संग्राहकांस दोन विनंत्या. पहिली, येरवड्याचें मुद्रणस्थळ असलेला कागद आला तर कडा छाटूं देऊं नये, आणि तुरुंगांतील म्हणून सांगितला जाणारा गालिचा, चरखा किंवा लांकूडकाम आलें तर तें कोठून आलें याची नोंद त्या वस्तूबरोबर ठेवावी. ज्यांनीं तें केलें त्यांच्या हातांचा पुरावा बहुधा तेवढाच उरलेला आहे.

दुसरी विनंती थोडी कठीण आहे, कारण ती आमच्याच हव्यासाविरुद्ध जाते. संशोधकास नांव हवें असतें. एकोणिसाव्या शतकांतील विणकरांचीं नांवें वस्तूंवर नाहींत, याची आम्हांस खंत वाटते; तो त्यांच्यावरील अन्यायच होता. परंतु आज तुरुंगांतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मनुष्याची गोष्ट वेगळी. त्यास आपलें नांव तुरुंगाच्या नांवापासून सुटावें असें वाटत असतें, आणि त्याच्या शिक्षणाचें सार्थक त्यांतच आहे. अशा मनुष्याचे कागद हातीं आले तर ते जपावे, पण उघडे करूं नयेत. त्याचें खातें त्याच्या हातीं आलें आहे. तें केव्हां व कोणास दाखवावें हें त्यानेंच ठरवावें.